हिरव्या पानातला पिवळा शोधणारा मिखाईल त्स्वेत

शाळेत हा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. गाळण कागदाची लांबट पट्टी घ्यायची, तिच्यावर काळ्या स्केचपेनचा ठिपका काढायचा आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवून ठेवायचं. पाणी वर चढतं आणि काळ्या ठिपक्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग फुटून निघतात. वहीत 'क्रोमॅटोग्राफी' असं मथळ्याला लिहायचं आणि परीक्षेत दोन मार्क पदरात पाडून घ्यायचे, एवढ्यावर आपला आणि त्या शब्दाचा संबंध संपतो.

तो शब्द ज्यानं घडवला तो मिखाईल त्स्वेत वनस्पतिशास्त्रज्ञ होता. जन्म इटलीत, शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये, नोकरी पोलंडच्या भूमीवर पण रशियन विद्यापीठात, शेवट रशियातल्या एका आडवळणाच्या शहरात. वयाच्या ४७ व्या वर्षी गेला तेव्हा त्याची पद्धत वापरणारे लोक बोटांवर मोजण्याइतके होते. आज रक्ततपासणीपासून द्राक्षांवरच्या फवारणीचे अंश शोधण्यापर्यंत ती सगळीकडे आहे. विजयपूर, अथणी, सांगली, नाशिक या पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदाराला 'रेसिड्यू'चा रिपोर्ट आल्याशिवाय युरोपात माल पाठवता येत नाही. तो रिपोर्ट ज्या यंत्रातून निघतो त्याचं मूळ त्स्वेतच्या काचेच्या नळीत आहे.

पण त्स्वेतला औषधं किंवा फवारण्या तपासायच्या नव्हत्या. त्याला एवढंच कळून घ्यायचं होतं, की पान हिरवं दिसतं म्हणजे त्यात नेमकं काय काय असतं.

दाखला इकडचा, नोकरी तिकडची

१४ मे १८७२ रोजी उत्तर इटलीतल्या आस्ती या गावी त्याचा जन्म झाला. वडील सेम्यॉन त्स्वेत रशियन अधिकारी, आई मारिया इटालियन. बाळंतपणानंतर थोड्याच काळात आई गेली. वडिलांना कामासाठी रशियात परतावं लागलं आणि पोर दाईच्या हवाली स्वित्झर्लंडमध्ये राहिलं. लोझान आणि जिनिव्हाच्या शाळांत तो शिकला. घरची भाषा रशियन म्हणायची तर घरच नव्हतं. रोजच्या वापरात फ्रेंच. जिनिव्हा विद्यापीठातून १८९३ मध्ये विज्ञानाची पदवी, १८९६ मध्ये वनस्पतीच्या पेशींवर डॉक्टरेट. सरळ, चोख शैक्षणिक प्रवास.

त्याच वर्षी तो रशियात आला. आणि आल्याबरोबर कळलं की जिनिव्हाची डॉक्टरेट इथं चालत नाही. रशियन विद्यापीठात शिकवायचं तर रशियन पदवी हवी, आणि तीही पायरीपायरीनं : आधी मॅजिस्टर, मग डॉक्टर. म्हणजे चोविसाव्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या भागात हे फार समजावून सांगायला नको. बेळगावातून कोल्हापूरला, बिदरहून लातूरला किंवा इंदूरहून पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांना मायग्रेशन सर्टिफिकेट, एलिजिबिलिटी, समकक्षतेचा दाखला या शब्दांचं वजन माहीत असतं. ज्ञान तेच असतं, माणूस तोच असतो, फक्त शिक्का दुसऱ्या बाजूचा असतो. त्स्वेतच्या बाबतीत या शिक्क्यानं पाच वर्षं खाल्ली. सेंट पीटर्सबर्गला अकादमीच्या प्रयोगशाळेत काम करायचं, पोटासाठी प्योत्र लेसगाफ्ट यांच्या संस्थेत बायकांच्या वर्गाला वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि उरल्या वेळात नवा प्रबंध लिहायचा, असं चाललं होतं. १९०१ मध्ये कझान विद्यापीठानं त्याला मॅजिस्टर ही पदवी दिली. विषय होता हरितकणाची भौतिक आणि रासायनिक रचना.

या सक्तीच्या दुसऱ्या प्रबंधाचा एक फायदा झाला. तो पेशीकडून रंगाकडे वळला.

सुटत नाही तो रंग

हिरव्या पानातून रंग काढायची रीत तेव्हाही साधी होती. पानं वाटायची आणि अल्कोहोलमध्ये भिजवायची. अल्कोहोल हिरवंगार होतं. पण त्स्वेतला एक गोष्ट खटकत होती. शुद्ध हरितद्रव्य वेगळं काढून ठेवलं तर ते लिग्रॉइनमध्ये, म्हणजे पेट्रोलसारख्या एका हलक्या तेलात, सहज विरघळतं. मग तेच लिग्रॉइन वाटलेल्या पानांवर ओतलं तर हिरवा रंग का सुटत नाही? फक्त पिवळं कॅरोटिन तेवढं बाहेर येतं. आणि त्यात चमचाभर अल्कोहोल टाकलं की हिरवा रंग लगेच सुटतो.

इतरांनीही हे पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की अल्कोहोलमुळे हरितद्रव्याचं रूपच बदलत असावं. त्स्वेतला ते पटलं नाही. त्याला वाटलं, रंग बदलत नाही, रंग चिकटून बसलाय. पानातल्या घन भागानं त्याला धरून ठेवलंय आणि अल्कोहोल ती पकड सोडवतं.

तपासायचं कसं? त्यानं हरितद्रव्याचं द्रावण साध्या गाळण कागदावर सुकवलं. कागद हिरवा झाला. मग त्या कागदावर नुसतं लिग्रॉइन ओतलं. रंग सुटला नाही. थोडं अल्कोहोल घातलं, सुटला. कागद अगदी पानासारखा वागला! कागदात जिवंत काहीच नव्हतं, म्हणजे हा जीवनाचा चमत्कार नव्हता, चिकटण्याचाच मामला होता. शास्त्राच्या भाषेत याला अधिशोषण म्हणतात.

माझ्या मते त्स्वेतची खरी हुशारी इथं दिसते, पुढच्या नळीत तेवढी नाही. नळी ही या विचाराची सरळ पुढची पायरी होती. वेगवेगळे रंग जर वेगवेगळ्या जोरानं चिकटत असतील, तर त्यांना एका लांब रस्त्यावरून चालवायचं. ज्याची पकड घट्ट तो मागं राहील, ज्याची सैल तो पुढं जाईल.

त्यानं शंभरावर प्रकारच्या पुडी तपासल्या. त्यात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चांगली ठरली. बारीक काचेच्या नळीत ही पूड ठासून भरायची, वरून पानाचं द्रावण ओतायचं, आणि मग शुद्ध द्रावक हळूहळू सोडत राहायचं. नळीत वर हिरवट गढूळ पट्टा असतो तो बघता बघता उलगडत जातो. एक पिवळसर हिरवं कडं, त्याच्याखाली निळसर हिरवं कडं, पिवळी कडी एकापेक्षा जास्त, आणि सगळ्यात सैल असलेलं कॅरोटिन तर थेट खाली वाहून जातं. नंतर खडूचा तो दांडा नळीतून अलगद बाहेर ढकलायचा, चाकूनं कडी कापून वेगळी करायची आणि प्रत्येकातला रंग अल्कोहोलनं सोडवून घ्यायचा.

पानाच्या हिरव्यात दोन हिरवे आणि दोन पिवळे रंग असावेत असं इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी १८६४ मध्येच सांगितलं होतं. पण ते प्रकाशाच्या वर्णपटावरून केलेलं अनुमान होतं. त्स्वेतनं ते डोळ्यांसमोर मांडून ठेवलं, आणि पिवळे दोनच नाहीत, त्याहून जास्त आहेत हेही दाखवलं.

२१ मार्च १९०३ रोजी (रशियन पंचांगाप्रमाणे ८ मार्च) वॉर्सा शहरातल्या निसर्गशास्त्र मंडळाच्या बैठकीत त्यानं हे काम वाचून दाखवलं. ते छापून आलं मंडळाच्या इतिवृत्तात, रशियन भाषेत. पॅरिस, बर्लिन, लंडनच्या रसायनशास्त्रज्ञांपर्यंत ते पोचण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती.

कुठलाच नसलेला

वॉर्सामध्ये त्स्वेत १९०२ च्या सुमारास आला. तेव्हा पोलंड नकाशावर स्वतंत्र देश नव्हताच; शहर रशियन साम्राज्यात होतं आणि विद्यापीठ रशियन भाषेत चालायचं. पोलिश समाजाचा त्याला विरोध. १९०५ च्या उठावात पोलिश विद्यार्थ्यांनी विद्यापीठावर बहिष्कार टाकला आणि पुढची काही वर्षं ते बंदच राहिलं. रशियन सरकारी नोकर म्हणून पोलिशांना तो आपला वाटेना. आणि इटलीत जन्मून फ्रेंच बोलत वाढलेला हा माणूस रशियनांना तरी कितपत आपला वाटणार? भाषेच्या प्रश्नावर विद्यापीठ बंद पडलं तर मधल्यामध्ये अडकलेल्या मास्तराचं काय होतं, हे सीमाभागातल्या जुन्या लोकांना विचारा.

पोट भरण्यासाठी त्यानं पशुवैद्यक संस्थेत आणि मग पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. १९०७ मध्ये हेलेना त्रुसेविच हिच्याशी लग्न झालं. ती ग्रंथपाल होती.

१९०६ मध्ये त्यानं मोठा निर्णय घेतला आणि जर्मनमध्ये लिहिलं. जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याचे दोन लेख आले आणि त्यातच 'क्रोमॅटोग्राफी' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. ग्रीकमध्ये क्रोमा म्हणजे रंग आणि ग्राफी म्हणजे लिहिणं. गंमत अशी की रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थही रंग असाच होतो. स्वतःचं आडनाव त्यानं मुद्दाम त्यात दडवलं का, यावर अभ्यासक अजून चवीनं बोलतात. दुसऱ्या वर्षी बर्लिनला जाऊन त्यानं नळ्या आणि रंगांची द्रावणं प्रत्यक्ष दाखवलीही.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाहिलं, माना डोलावल्या आणि घरी गेले. रसायनशास्त्रज्ञांनी मात्र हल्ला केला. क्राकूचे लेऑन मार्खलेव्स्की हे हरितद्रव्यातले मोठे नाव. एका साध्या गाळण्याच्या प्रयोगावर इतके मोठे निष्कर्ष काढणं त्यांना मान्य नव्हतं. त्स्वेतही गप्प बसणारा नव्हता. त्याचे प्रतिसाद इतके धारदार असत की मित्र जोडण्यापेक्षा दुखावले जास्त जात. हा त्याचा दोषच म्हणायला हवा.

त्याहून मोठं नाव होतं रिखार्ड विल्श्टेटर. त्यांचा मार्ग अगदी उलटा. किलोकिलोनं वाळलेली पानं घ्यायची, मोठ्या भांड्यांत द्रावणं करायची, शेवटी स्फटिक मिळवायचे. रसायनशास्त्रात तेव्हा स्फटिक मिळाला म्हणजे पदार्थ शुद्ध, असा नियम. नळीत मिळणारे त्स्वेतचे चिमूटभर रंग म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पुरावा नव्हता. उलट खडूच्या पुडीनं हरितद्रव्य बिघडत असावं अशी शंका त्यांनी घेतली. त्स्वेतनं उलट सांगितलं, की ज्याला स्फटिकरूप हरितद्रव्य म्हणतात ते पानातलं मूळ द्रव्यच नाही, अल्कोहोलच्या संपर्कात तयार झालेलं दुसरंच काही आहे. या मुद्द्यावर तो बरोबर निघाला. पुढं विल्श्टेटर यांच्याच प्रयोगशाळेतून त्याचं कारण सापडलं : पानातलं एक विकर अल्कोहोलच्या मदतीनं हरितद्रव्याचा एक भाग बदलून टाकतं.

पण वाद जिंकणं आणि मान मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी. १९१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल वनस्पतीतल्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी विल्श्टेटर यांना मिळालं. त्यांचं काम मोठं होतंच, त्यात वाद नाही.

मोरपंखीचा लाल

१९१० मध्ये त्स्वेतनं वनस्पती आणि प्राण्यांतल्या रंगद्रव्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, रशियनमध्ये. त्यावर वॉर्सा विद्यापीठानं त्याला डॉक्टरेट दिली. जिनिव्हाच्या पदवीनंतर चौदा वर्षांनी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो रशियन नियमाप्रमाणे एकदाचा डॉक्टर झाला. पुढच्या वर्षी अकादमीचं बक्षीसही मिळालं.

१९११ या एका वर्षात त्यानं आणखी दोन गोष्टी केल्या. पानातल्या आणि गाजरातल्या पिवळ्या-नारिंगी कुळाला त्यानं 'कॅरोटिनॉइड' हे नाव दिलं. आज डोळ्यांचा डॉक्टर आणि कुक्कुटपालनवाला दोघंही हा शब्द वापरतात. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. थुजा नावाच्या सूचिपर्णी झाडाची पानं थंडीत तांबूस होतात. आपल्याकडे अंगणात लावतात ती मोरपंखी याच घराण्यातली. लहानपणी जिची चपटी फांदी विद्या म्हणून पुस्तकात ठेवायचो तीच. त्या हिवाळी पानांतून त्स्वेतनं एक लाल द्रव्य वेगळं काढलं. तेही कॅरोटिनॉइडच निघालं.

थंडीत हे झाड पान गाळत नाही, पण त्याच्या आतले रंग बदलतात. या निरीक्षणाचं महत्त्व तेव्हा फारसं कुणाला जाणवलं नाही.

निर्वासित

पहिलं महायुद्ध सुरू झालं. १९१५ मध्ये जर्मन फौजा वॉर्साजवळ आल्या आणि पॉलिटेक्निकनं गाशा गुंडाळला. आधी मॉस्को, मग निझ्नी नोवगोरद. प्रयोगशाळा, पुस्तकं, टिपणं बरीच मागं राहिली. त्याचं हृदय तेव्हाच दुबळं झालं होतं, आणि या धावपळीत त्याच्याकडे सोपवलेलं काम होतं संस्थेचं सामान हलवण्याचं आणि नव्या जागी वर्ग उभे करण्याचं. संशोधन जवळजवळ थांबलं.

१९१७ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा खरीखुरी प्राध्यापकी मिळाली. युरिएव्ह विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तू शहरात, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आणि वनस्पती उद्यानाचा प्रमुख. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला हवं ते सगळं एकदम मिळालं होतं. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९१८ मध्ये, जर्मन सैन्य तिथंही पोचलं. रशियन विद्यापीठाला पुन्हा हलावं लागलं, या वेळी दक्षिणेला वोरोनेझला.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या फान विसेलिंग यांनी रसायनशास्त्राच्या नोबेलसाठी त्स्वेतचं नाव सुचवलं होतं. एकच शिफारस. बक्षीस गेलं फ्रिट्झ हाबर यांना.

वोरोनेझला यादवी युद्धाचा काळ. अन्नधान्याची टंचाई, आजारी शरीर. २६ जून १९१९ रोजी मिखाईल त्स्वेत वारला. तिथल्या अकातोव मठाच्या आवारात त्याच्या नावाचा दगड आज आहे; तो लागला अर्थातच फार उशिरा.

भाषांतराची वही

पुढची गोष्ट एखाद्या कादंबरीत घातली तर खोटी वाटेल. विल्श्टेटर यांना रशियन वाचता येत नसे, म्हणून त्यांनी त्स्वेतच्या १९१० च्या ग्रंथाचं जर्मन भाषांतर स्वतःपुरतं करून घेतलं होतं. ज्याच्या पद्धतीवर विश्वास नाही त्याचंही पुस्तक मुळापासून वाचायचं, हा त्यांचा मोठेपणा. ते हस्तलिखित त्यांनी पुढं आपला विद्यार्थी रिखार्ड कून याच्याकडे दिलं. कूनकडे हायडेलबर्गला काम करणाऱ्या एडगार लेडरर या तरुणाच्या हाती १९३१ च्या सुमारास ते पडलं. त्यानं नळी भरली, पूड ठासली आणि कॅरोटिनचे वेगवेगळे प्रकार वेगळे करून दाखवले.

इतका वेळ थांबलेलं पाणी मग एकदम सुटलं. १९३७ आणि १९३८ ची रसायनशास्त्राची नोबेलं, पॉल कारर आणि कून यांची, कॅरोटिनॉइड आणि जीवनसत्त्वांच्या कामाची होती. १९५२ चं तर क्रोमॅटोग्राफीच्या नव्या प्रकारालाच मिळालं, आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना. त्स्वेतच्या नळीतून वंश वाढतच गेला. पंचवीस-तीस वर्षं मात्र मधे वाया गेली होती, कारण लेख चुकीच्या भाषेत, चुकीच्या शहरात आणि चुकीच्या विषयाच्या मासिकात छापले गेले होते.

सुईच्या पानांचा हिशेब

आता त्या मोरपंखीच्या धाग्याकडे येऊ, कारण त्स्वेतचं काम आज सर्वांत जिवंत कुठं असेल तर ते उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात.

कॅनडा, अलास्का, स्कँडिनेव्हिया, रशिया असा पृथ्वीच्या डोक्यावर या जंगलांचा पट्टा आहे. जगातल्या जंगलाचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त. पाइन, स्प्रूस, फर अशी झाडं, पानं सुईसारखी. ही झाडं हवेतला किती कार्बन शोषतात आणि वर्षातून किती दिवस शोषतात, यावर हवामानाचे पुढचे अंदाज अवलंबून आहेत. पानझडीच्या जंगलात हिशेब सोपा असतो. पान आलं की काम सुरू, पान पिवळं पडलं की बंद. उपग्रहाला वरून हिरवळ दिसते तिच्यावरून तारीख काढता येते. पण पाइनची सुई जानेवारीतही हिरवी आणि जूनमध्येही हिरवी. जानेवारीत मात्र तिचं प्रकाशसंश्लेषण ठप्प असतं. नुसत्या हिरवळीवरून मोजलं तर झोपलेलं जंगल राबतंय असं वाटतं.

थंडीत सुईची अडचण अशी असते. ऊन पडतंच, आणि बर्फावरून परावर्तित होऊन दुप्पट पडतं. हरितद्रव्य ते ऊन शोषतं. पण साखर बनवणारी विकरं गारठ्यानं जवळजवळ थांबलेली असतात. शोषलेली ऊर्जा वापरली गेली नाही तर ती पानालाच जाळते. इथं त्स्वेतचे पिवळे रंग कामाला येतात. झँथोफिल कुळातलं व्हायोलाझँथिन बदलून झिआझँथिन होतं आणि त्याच्या मदतीनं जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकली जाते. उन्हाळ्यात हा बदल दिवसात होतो आणि परत फिरतो. कडक हिवाळ्यात झिआझँथिन तसंच धरून ठेवलं जातं. शिवाय एकूणच हिरव्याच्या मानानं पिवळ्या रंगांचं प्रमाण वाढतं. डोळ्याला फरक जेमतेम कळतो. मोजमापात तो स्वच्छ दिसतो.

मोजायचं ते परावर्तन. पानावर पडलेल्या उजेडापैकी कुठल्या रंगाचा किती उजेड परत येतो, ते वर्णपटमापकात पाहायचं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात जॉन गॅमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ५३१ नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडाचं परावर्तन झँथोफिलच्या या अदलाबदलीबरोबर हलतं, आणि शेजारची एक तरंगलांबी फारशी हलत नाही. दोन्हींची तुलना केली की पान उजेड वापरतंय की फेकून देतंय, याचा अंदाज येतो. पान न तोडता, नळी न भरता.

सुईच्या बाबतीत हे करणं किचकट आहे. आंब्याचं पान सपाट. त्यावर दिव्याचं टोक टेकवलं की झालं. सुई बारीक. म्हणून सुया चटईसारख्या शेजारीशेजारी मांडतात, मध्ये फट राहू देत नाहीत, कारण फटीतून उजेड गळला की आकडा बिघडतो. आधी पांढऱ्याशुभ्र प्रमाण तबकडीवर मोजायचं, मग सुयांवर. जंगलात हेच काम टॉवरवर बसवलेली यंत्रं वरून करतात. फिनलंडमधलं ह्युटिआला आणि अमेरिकेत कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतातलं नायवॉट रिज इथले टॉवर या कामासाठी प्रसिद्ध आहेत. नायवॉट रिज समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर आहे.

२०१६ मध्ये गॅमन यांच्याच गटानं आणखी एक पाऊल टाकलं. नासाच्या मोडिस या उपकरणात ५२६ ते ५३६ नॅनोमीटरचा एक पट्टा आहे. तो मुळात समुद्राच्या पाण्याचा रंग पाहण्यासाठी ठेवलेला. तो पट्टा आणि लाल उजेडाचा पट्टा यांची तुलना करून त्यांनी हिरव्या रंगद्रव्याचं कॅरोटिनॉइडशी असलेलं प्रमाण अवकाशातून काढलं आणि सदाहरित जंगल केव्हा जागं होतं, केव्हा झोपतं, ते त्यातून दिसलं. ज्या दोन कुळांना त्स्वेतनं खडूच्या दांड्यावर चाकूनं कापून वेगळं केलं, त्यांचंच हे गुणोत्तर.

याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उत्तरेकडचा वसंत आता लवकर येतोय. लवकर जागं झालेलं जंगल जास्त कार्बन शोषेल, की मध्येच आलेल्या कडाक्यानं आणि पुढं उन्हाळी पाणीटंचाईनं ते सगळं परत गमावेल, यावर अजून एकमत नाही. त्यासाठी जागं होण्याची नेमकी तारीख लागते. बर्फ अजून जमिनीवर असतो आणि झाडं डिसेंबरमध्ये दिसत होती तशीच हिरवी असतात, तेव्हाच टॉवरवरच्या यंत्रात ५३१ चा आकडा वर सरकायला लागतो. सुईतला पिवळा कमी होत चाललेला असतो.